हरवले, सापडले आणि चोरीला गेले

(पनवेल येथे पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पावसाळा सुरू झाला की पनवेलच्या शाळांच्या व्हरांड्यांत एकच दृश्य दिसते. एकाच बाजारपेठेतून, एकाच आठवड्यात घेतलेले, बहुधा एकाच रंगाचे चाळीस-पन्नास रेनकोट ओळीने टांगलेले असतात. शाळा सुटते, बाहेर व्हॅनवाले काका हाका मारत असतात, आणि हाताला लागेल तो कोट अंगावर चढवून मुले धावत सुटतात. शेवटी एक मूल मागे उरते. खुंटीवर एक कोट असतो, पण तो त्याचा नसतो. भिजत घरी आलेल्या त्या मुलाला दारातच प्रश्न ऐकू येतो, ‘तुझा कोट कोणी घेतला?’

सगळी चर्चा येथूनच चुकीच्या वाटेला लागते. कोट कोणी ‘घेतला’, हे अजून ठरलेले नाही. तो बदलला गेला असण्याचीच शक्यता अधिक. परंतु प्रश्नाच्या शब्दांतच आरोपी गृहीत धरलेला असतो आणि सात-आठ वर्षांचे मूल तो प्रश्न ऐकून एखादे नाव शोधू लागते. आईला उत्तर हवे आहे, एवढे त्याला कळते. मग वर्गातील ज्या मुलाशी त्याचे पटत नाही, किंवा ज्याच्याविषयी इतर मुले काहीबाही बोलतात, त्याचे नाव सहज तोंडून निघते. दुसऱ्या दिवशी तेच नाव शाळेच्या फाटकाशी जमलेल्या पालकांत फिरते. चारशे रुपयांच्या कोटापायी एका घराची अब्रू पणाला लागते, आणि तो कोट कदाचित संध्याकाळी दुसऱ्या एखाद्या आईने ‘हा आमचा नव्हे’ म्हणून बाजूला काढून ठेवलेला असतो.

खोडरबर, शिसपेन्सिल, कंपास पेटी, पाण्याची बाटली, डबा, खेळाच्या तासाचे बूट, कॅलक्युलेटर, प्रयोगवही असा हा संसार आहे. हा विषय क्षुल्लक वाटतो, परंतु मूल घराबाहेरच्या जगात मालकी, विश्वास, संशय आणि न्याय यांचा पहिला अनुभव याच वस्तूंच्या निमित्ताने घेते. पालक नुकसान रुपयांत मोजतात. मुलाच्या मनात वेगळा हिशेब चाललेला असतो. आपले म्हणणे घरी कोणी खरे मानले का, वर्गात बाईंनी नीट ऐकून घेतले का, आणि आपल्या बाकावरचा मित्र यापुढे मित्र राहिला का, याचा तो हिशेब असतो.

पनवेल पूर्वी आटोपशीर गाव होते. १८५२ साली येथे नगरपालिका झाली, त्या काळापासून पुढे शंभर-सव्वाशे वर्षे गावाचे रूप असे होते की, शाळेत जाणारे मूल कोणाचे हे रस्त्यावरचा दुकानदारही सांगत असे. कोणाची पाटी कोणाकडे गेली तर दिवेलागणीपूर्वी ती घरी येत असे, कारण दोन्ही घरे एकमेकांना ओळखत. २०१६ साली महानगरपालिका झालेल्या पनवेलमध्ये खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोने वसवलेल्या वसाहती आहेत. महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यातून आणि इतर प्रांतांतून आलेली कुटुंबे तेथे राहतात. एकाच वर्गात वीस मजली इमारतीतील मूल, आगरी-कोळी कुटुंबातील भूमिपुत्राचे मूल, नेरे-मालडुंग्याकडच्या आदिवासी वाडीवरून येणारे मूल आणि त्याच इमारतीच्या पहारेकऱ्याचे मूल शेजारी शेजारी बसते. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांचे पालक एकमेकांना ओळखत नाहीत, आणि ओळख नसली की संशयाला मोकळी जागा मिळते. गावपणाच्या काळात हरवलेली वस्तू ज्या सहजतेने परत येई, तिच्यासाठी आता मुद्दाम व्यवस्था उभी करावी लागते.

त्यातच आपल्याकडे अनेक शाळा दोन अधिवेशनांत भरतात. सकाळच्या मुलांनी सोडलेल्या बाकावर दुपारची मुले बसतात. सकाळच्या मुलाची कंपास पेटी खालच्या कप्प्यात राहिली, तर तासाभरात ती ज्याच्या हाती लागते तो तिच्या मालकाला कधीच भेटणार नसतो. पहिल्या मुलाच्या दृष्टीने ती चोरीला गेली आणि दुसऱ्याच्या दृष्टीने त्याला सापडली. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. अशा वेळी सापडलेली वस्तू कोठे द्यायची, हे मुलांना ठाऊक असणे हाच मोठा उपाय आहे. शाळेच्या कार्यालयाबाहेर एक कपाट, त्याला एक ठरलेली वेळ, आणि ते सांभाळणारे शिपाई काका किंवा सेविका मावशी, एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो. त्यासाठी ना निधी लागतो ना ठराव.

उरलेल्या निम्म्यासाठी घरातली एक जुनी रीत उपयोगी आहे. मराठी घरात नवे भांडे आले की त्यावर नाव घालून घेतल्याशिवाय ते वापरात येत नसे. भांड्यांच्या दुकानात बसलेला तो माणूस सुईच्या यंत्राने पातेल्याच्या काठावर नाव आणि तारीख कोरून देई. लग्नकार्यात शेजारून आणलेल्या पन्नास वाट्या-भांड्यांतून ज्याचे त्याला बिनचूक परत जाई ते त्या कोरीव अक्षरांमुळे. त्याच घरातून आज मूल पाचशे रुपयांची बाटली घेऊन शाळेत जाते आणि तिच्यावर एक अक्षरही नसते! नावाच्या चिठ्ठ्या पाण्याने निघतात, मुले त्या नखाने सोलतात. कोटाच्या आतल्या बाजूला धाग्याने शिवलेले नाव किंवा डब्याच्या बुडाशी कोरलेले नाव टिकते. नावाबरोबर इयत्ता आणि तुकडी असावी, घरचा पत्ता आणि दूरध्वनी बाहेरून दिसेल असा घालू नये.

बालशिक्षणाचा विचार महाराष्ट्रात रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांनी माँटेसरी पद्धतीतील एक तत्त्व येथे आणले. त्या पद्धतीच्या वर्गात प्रत्येक साधनाची एक ठरलेली जागा असते आणि बहुधा प्रत्येक साधन एकेकच असते. दुसऱ्याचे काम होईपर्यंत थांबायचे, आपले झाले की साधन होते तेथे ठेवायचे. मूल उपदेश न ऐकताच ‘माझे’, ‘त्याचे’ आणि ‘सगळ्यांचे’ यांतला फरक हाताने शिकते. घरी दप्तर कोठेही भिरकावले जात असेल आणि रात्री आईच ते भरून देत असेल, तर त्या मुलाला सकाळी दप्तरात काय होते हे माहीतच नसते. मग संध्याकाळी काय नाही हे ते कसे सांगणार? तिसरीपासून पुढच्या मुलाने आपले दप्तर आपण भरावे. चुकेल, विसरेल, एखादे दिवशी बाईंची बोलणी खाईल. तेवढी किंमत रास्त आहे.

वस्तू खरोखरच दुसऱ्याने उचलली असेल, तेव्हाही सगळे उचलणे एका जातीचे नसते. बालवाडीतले मूल आवडलेला मणी खिशात घालून आणते, तेव्हा त्याला चोरी ही कल्पनाच नसते. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या नीतिविचारांची वाढ तपासली. लहान मुले चूक किती मोठी हे झालेल्या नुकसानीवरून ठरवतात आणि वय वाढते तसा हेतूचा विचार करू लागतात, असे त्याला आढळले. भारतीय कायद्यानेही हे जुन्या काळापासून मानले आहे. सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारा या वयात त्या मुलाची समज पुरेशी पक्व होती का हे पाहावे लागते. १८६०च्या दंडसंहितेतील ही तरतूद २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. बाल न्यायाच्या नियमांनुसार अल्पवयीनांच्या किरकोळ प्रकरणांत गुन्हा दाखल न करता केवळ नोंद घ्यायची असते. तेव्हा पेन हरवले म्हणून ‘पोलिसांत देऊ’ अशी धमकी दुसरीतल्या मुलाला देणाऱ्या मोठ्या माणसाला कायदाही माहीत नसतो आणि मूलही कळलेले नसते.

आठ-नऊ वर्षांचे मूल मात्र जाणून उचलते. हौस असते, घरी मागून मिळालेले नसते, किंवा मिळण्यासारखी परिस्थिती नसते. कधी घरात नव्या बाळाचे कौतुक चाललेले असते आणि या मुलाकडे पाहायला कोणाला वेळ नसतो. कधी टोळक्यात धाडस दाखवायचे असते. कारण शोधणे म्हणजे कृत्याला माफी देणे नव्हे, पण कारण न शोधता केलेली शिक्षा पुढच्या वेळी अधिक सफाईने उचलायला शिकवते.

एक प्रकार मात्र या सर्वांहून वेगळा आहे आणि त्याकडे पालकांचे हमखास दुर्लक्ष होते. वस्तू हवी म्हणून नव्हे, तर त्या मुलाला रडवायचे म्हणून ती लपवली जाते. डबा गच्चीच्या जिन्यात सापडतो, बूट स्वच्छतागृहात, वही परीक्षेच्या आदल्या दिवशी नाहीशी होऊन परीक्षा झाल्यावर बाकात उगवते. एकाच मुलाच्या वस्तू महिन्यात तीन-चारदा जातात, आणि त्यांना बाजारात काहीही किंमत नसते. असे मूल घरी ‘वेंधळे’ ठरते. दर वेळी त्यालाच ओरडा बसतो, म्हणून ते सांगणे सोडते. पुढे त्याचे सोमवारी पोट दुखू लागते, ते उपाशी परत येते, बाजूची जागा बदलून मागते, शाळेच्या नावाने रडते. या ठिकाणी प्रश्न वस्तूचा उरलेला नसतो. ते मूल एकटे पाडले जात आहे. अशा वेळी पालकांनी वस्तूंची यादी घेऊन न जाता तारखांची यादी घेऊन वर्गशिक्षकांना भेटावे. कोणत्या दिवशी, कोणत्या तासानंतर, काय गेले आणि कोठे मिळाले, एवढे एका कागदावर मांडले की शिक्षकांना त्यातला धागा दिसतो. मुलाला तर पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे की, ‘हे तुझ्या वेंधळेपणामुळे होत नाही.’ त्या एका वाक्याची ते मूल कित्येक आठवडे वाट पाहत असते.

आता झडतीचा विषय. वर्गात काही हरवले की सगळी दप्तरे बाकावर ओतायची, खिसे उलटे करायचे, कबुली येईपर्यंत सगळ्यांना उभे करायचे, ही पद्धत अजून गेलेली नाही. लोकमान्य टिळकांच्या बालपणीची शेंगांच्या टरफलांची आख्यायिका महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात माहीत आहे. ती ऐकताना सगळ्यांना बाणेदार बाळचे कौतुक वाटते. पण त्या गोष्टीत वर्गही आहे. न केलेल्या गोष्टीची शिक्षा सर्वांना सरसकट मिळत होती आणि बाकीच्या मुलांनी ती निमूट भोगली, हा तिचा दुसरा अर्धा भाग आहे. टिळकांची जयंती दरवर्षी शाळेत साजरी करायची आणि त्याच वर्गात सरसकट शिक्षा चालू ठेवायची, यातली विसंगती सहसा कोणाला खटकत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. चाळीस मुलांसमोर एकाचे दप्तर ओतणे हा छळ नव्हे, असे कोणत्याही आईने स्वतःचे मूल डोळ्यांपुढे आणून म्हणून दाखवावे.

शिवाय झडती घेतली जाते तेव्हा ती समान नसते, हेच खरे दुखणे आहे. पहिले दप्तर कोणाचे उघडले जाते? ज्याचे वडील पहारेकरी आहेत, ज्याची आई धुणीभांडी करते, जो आश्रमशाळेतून आला आहे, ज्याची भाषा वेगळी आहे, त्याचे. काही सापडले नाही तरी त्याचे नाव एकदा घेतले गेलेले असते आणि पुढच्या खेपेला ते आपोआप ओठांवर येते.

एखाद्या समाजावर असा शिक्का बसला की तो किती पिढ्या टिकतो, हे या भूमीला शिकवण्याची गरज नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्माला येणारे मूलच गुन्हेगार समजण्याची मुभा राज्ययंत्रणेला दिली. फासेपारधी समाज त्या शिक्क्याखाली पिढ्यानपिढ्या भरडला गेला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण गावोगावच्या मनांतून गेला नाही. रामोश्यांकडे तर मराठी मुलखात गावाच्या राखणीचे काम होते. गावात चोरी झाली तर माग काढून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर असे. ज्यांच्या भरवशावर गाव निर्धास्त झोपे, त्याच समाजाकडे राज्य बदलल्यावर चोर म्हणून पाहिले जाऊ लागले. पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे १८४५ साली जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९च्या उठावासाठी माणसे जमवली, तेव्हा त्यांच्या हाकेला धावून आले ते प्रामुख्याने हे रामोशीच. शिरढोणचा अभिमान बाळगणाऱ्या तालुक्यातील शाळेत एखाद्या मुलाकडे त्याच्या आडनावावरून संशयाने पाहिले जाणे शोभत नाही.

याच्या उलट दिशेचे कामही महाराष्ट्रात झाले आहे. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे १९९३ साली भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानाच्या प्रकल्पाला आरंभ झाला. पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांसाठी तेथे वसतिगृह आणि शाळा उभी राहिली. त्या कामाचे अध्वर्यू गिरीश प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. ज्या मुलांच्या घरादारावर केव्हाही पोलिसांची धाड पडू शकते, त्यांना एका छपराखाली आणून विश्वासाने वाढवायचे, यासाठी आधी त्यांच्याविषयीचा संशय कार्यकर्त्यांना स्वतःच्या मनातून काढावा लागतो. समरसतेचा विचार भाषणातून सांगणे सोपे असते. दप्तरातून दोनशे रुपये गेल्यावर पहिला संशय कोणाचा येतो, तेथे त्याची परीक्षा होते.

तर मग करायचे काय? वस्तू गेल्याचे कळले की त्याच संध्याकाळी मुलाजवळ शांतपणे बसून दिवस उलटा चालत जावा. घरी येताना व्हॅनमध्ये होती का, शेवटच्या तासाला होती का, मधल्या सुट्टीत, खेळाच्या तासाला? दोन-तीन थांब्यांतच बहुधा वस्तूचा पत्ता लागतो. व्हॅनच्या चालकाला दूरध्वनी करावा, कारण एकच व्हॅन दिवसभरात तीन-चार शाळांच्या फेऱ्या करते आणि बाकड्याखाली काय काय सापडते हे त्यालाच माहीत असते. मोठी मुले लोकलने ये-जा करतात. दप्तर गाडीत राहिले तर रेल्वेच्या १३९ क्रमांकावर किंवा स्थानकावरील रेल्वे सुरक्षा दलाकडे तत्काळ सांगावे. प्रवाशांचे राहिलेले सामान परत देण्यासाठी त्या दलाने ‘अमानत’ नावाची मोहीमच चालवली आहे. गाडी कोणती, डबा कितवा, वेळ कोणती, हे सांगता आले तर काम लवकर होते.

त्यातून मिळाले नाही तर डायरीत वर्गशिक्षकांना चार ओळी लिहाव्यात. वस्तूचे वर्णन, शेवटी कधी दिसली ती वेळ, नाव कोठे घातले आहे ते. कोणाचेही नाव लिहू नये, ‘संशय आहे’ असेही लिहू नये. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तर हा विषय टाकूच नये. तेथे रात्री दहा वाजता सुरू झालेली चर्चा अकरा वाजेपर्यंत एका मुलाला दोषी ठरवून मोकळी होते, आणि त्या मुलाची आई त्याच गटात मुकाट्याने वाचत असते. फाटकाशी उभे राहून दुसऱ्याच्या मुलाला परस्पर विचारणे हेही तितकेच गैर. वर्गात घडलेल्या गोष्टीची चौकशी करण्याचा अधिकार शिक्षकांचा आहे.

शिक्षकांनीही ‘कोणी घेतले’ असे विचारण्याऐवजी वस्तू परत येण्याची वाट मोकळी ठेवावी. ‘उद्याच्या मधल्या सुट्टीपर्यंत ती कपाटात यावी, कोणी आणली हे विचारले जाणार नाही,’ एवढे सांगून वर्ग पुढे चालू करावा. पुष्कळदा वस्तू येते. वर्गातल्या मुलाने ती घेतलेली असेल, तर रात्रभर त्याचे मन त्याला खात असते, आणि परतीची वाट अपमानावाचून उघडी आहे हे कळले की ते ती वाट धरते. यानेही न आल्यास आणि वस्तू किमती असल्यास, एकेकाशी एकांतात बोलणे हा पुढचा टप्पा.

हरवलेल्या वस्तूच्या जागी नवी लगेच आणावी का, यावर घराघरांत मतभेद असतात. ‘महिनाभर तसाच जा, म्हणजे किंमत कळेल,’ असे म्हणणारे वडील पुष्कळ आहेत. पण भूमितीच्या तासाला कंपासविना बसलेल्या मुलाला किंमत कळण्याआधी शिक्षा होते, आणि मग शेजाऱ्याचा कंपास उचलण्याचा मोह त्यालाच होतो. अभ्यासाला आवश्यक ती वस्तू दोन दिवसांत, साधीतली साधी, आणून द्यावी. चित्रांची बाटली, चाकांची पेटी, सुगंधी खोडरबर परत आणू नये. पाठ्यपुस्तक हरवले तर हळहळण्याचे कारण नाही. बालभारतीचे विभागीय भांडार पनवेललाच आहे, आणि पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरही विनामूल्य मिळतात. २०२३-२४ पासून काही इयत्तांच्या पुस्तकांतच वहीची कोरी पाने जोडण्याचा प्रयोग शासनाने केला, तेव्हा पुस्तक हरवले की वर्षाच्या नोंदीही जात असत. २०२५-२६ पासून तो प्रयोग थांबला.

मुळात शाळेत काय पाठवावे, याचाही विचार हवा. सोन्याचे कानातले, भारी घड्याळ, वाढदिवसाला वर्गभर वाटायच्या महागड्या भेटी, हे कौतुक म्हणून पाठवले जाते आणि शेजारच्या बाकावर ते वेगळ्याच नजरेने पाहिले जाते. गणवेशाची कल्पना ज्या हेतूने रुजली, तिला दप्तराच्या आतून सुरुंग लावण्याचा हा प्रकार आहे.

सर्वांत अवघड प्रसंग मात्र दुसराच. आपल्या मुलाची वस्तू जाते तेव्हा पालक बोलतात. आपल्या मुलाच्या दप्तरात परक्याची वस्तू निघते तेव्हा बहुतेक घरे गप्प बसतात. काही ठिकाणी मुलाला बदडले जाते, काही ठिकाणी ती वस्तू कचऱ्यात जाते, आणि काही ठिकाणी ‘मित्राने दिली’ या उत्तरावर समाधान मानले जाते, कारण पुढचे विचारण्याचे धैर्य नसते.

महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या दोन भावांची कथा आहे. थोरला शंख आश्रमात नसताना लिखित तेथे आला आणि झाडाची फळे तोडून खाऊ लागला. शंख परतला. भाऊच तो, फळे तरी कोणाची, असे म्हणून त्याला विषय सोडता आला असता. त्याने तसे केले नाही. न विचारता घेतलेले ते फळ ही चोरी आहे, राजाकडे जा आणि दंड माग, असे त्याने सांगितले. सुद्युम्न राजा क्षमा करायला तयार होता, तरी लिखिताने दंडच मागितला आणि त्याचे दोन्ही हात तोडले गेले. दंड कठोर आहे, आजच्या मनाला तो मानवणार नाही. कथेचे मर्म मात्र पुढे आहे. लिखित परतला तेव्हा शंखाने त्याला जवळ केले, आपल्या मनात राग नाही असे सांगितले आणि बाहुदा नदीत जाऊन तर्पण करायला लावले. तेथे त्याचे हात त्याला परत मिळाले. जो भाऊ चोरीला चोरी म्हणाला, त्यानेच हात परत मिळण्याची वाटही दाखवली. घरात या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कराव्या लागतात आणि तेच कठीण जाते.

गांधीजींनी आत्मकथेत पंधराव्या वर्षीची आपली चोरी सांगितली आहे. भावाचे पंचवीस-एक रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्याच्याच कड्यातील सोन्याचा तुकडा त्यांनी काढला होता. पुढे ते सहन होईना, तेव्हा चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हाती दिली आणि शिक्षा मागितली. वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, चिठ्ठी फाडली आणि ते पडून राहिले. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये साने गुरुजींनीही मोठे होण्याच्या ओढीने श्यामने केलेली चोरी लपवलेली नाही. ही माणसे लहानपणी चुकली, आणि ते सांगण्याइतका विश्वास त्यांना घरात मिळाला.

म्हणून दप्तरात परकी वस्तू सापडली की मुलाला ‘चोर’ हा शब्द लावू नये, भावंडांसमोर आणि आजी-आजोबांसमोर विषय काढू नये. ‘ही तुझी नाही. ज्याची आहे त्याला उद्या आपण मिळून देऊ,’ असे म्हणावे आणि खरोखर बरोबर जावे. वस्तू गुपचूप बाकात टाकून येणे ही पळवाट आहे. शाळा भरण्यापूर्वी, वर्गात कोणी नसताना, बाईंच्या उपस्थितीत मुलाने ती स्वतःच्या हाताने द्यावी. वस्तू वापरून संपली असेल तर भरपाई खाऊच्या पैशांतून व्हावी, वडिलांच्या खिशातून नव्हे. त्यानंतर तो विषय घरात पुन्हा काढायचा नाही. सहा महिन्यांनी दुसरे काही हरवले म्हणून ‘बघ, तुझ्याकडेच असेल’ असा टोमणा मारला, तर आधीचे सगळे वाया जाते. दुसऱ्या बाजूच्या पालकांनी तेवढाच मोठेपणा दाखवला पाहिजे. परत आणून देणाऱ्या मुलाला ‘बरे झाले आणलेस’ म्हणावे आणि घरी ती गोष्ट चघळू नये. हे प्रकार पुन्हा पुन्हा घडत असतील, तर बालमानसशास्त्राच्या जाणकाराला दाखवण्यात कमीपणा नाही. ताप उतरत नाही तेव्हा वैद्याकडे जावेच लागते.

वर्ष सरताना शाळेच्या त्या कपाटात बाटल्या, डबे, स्वेटर, एकेकटे बूट यांचा ढीग साठलेला असतो. पालक-शिक्षक संघाने निकालाच्या दिवशी तो दोन टेबलांवर मांडून ठेवावा, तेव्हा मुलांबरोबर आई-वडीलही आलेले असतात. ज्यांच्या वस्तू चोरीला गेल्याची खात्री होती अशा कित्येक घरांना त्या तेथे दिसतील. उरलेल्या वस्तू धुऊन-पुसून, जूनमध्ये नवे काही घेणे ज्यांना जड जाते त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांकडे ठेवता येतील. तत्पूर्वी त्यांवरची जुनी नावे मात्र काढलेली असावीत.